विटेतली बोटं आणि आपली दिवाळी

मंडळी, आत्ताच अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टनहून परतलोय. डोकं इतकं फिरलंय की थेट कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन टाइप करतोय.

वॉकिंग टूरमध्ये गुलामगिरीच्या काळातल्या एका हवेलीच्या विटेत, ती ओली असताना उमटलेले लहान बोटांचे ठसे दिसले. "गुलाम मुलांचे का?" मी विचारलं. गाइडबाई गोड हसल्या. "आम्ही नोकर म्हणतो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जोशीकाका यांनी बाही ओढली. "गप्प बस, आपण पाहुणे आहोत." वर बाईंना म्हणाले, आमची दिवाळी इथेच करू!

काका, सेक्रेटरी मी आहे. त्या हवेलीत एक पणतीसुद्धा लागणार नाही.

आणि बाईंनाही सोडत नाही. दर शनिवारी जाऊन सगळ्यांसमोर विचारणार: नोकर होते, तर नोकरी सोडता येत होती का?

गाडीत तीन जागा आहेत. कोण येतंय?