सुमतीची सही

मुलांनो, आज ओसरीवर काजूच्या कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. परदेशातून सोललेले काजूगर स्वस्तात आणू देणारा व्यापार करार होऊ घातला आहे. तो झाला तर इथे बिया फोडायचं काम कोणाला मिळणार? बड्या आयातदारांची माणसं त्यासाठी दिल्लीत सारखी खेटे घालत आहेत. या बायकांचा आक्षेप मी सरकारला पाठवण्यासाठी इंग्रजीत लिहिला, त्यांना मराठीत वाचून दाखवला आणि सह्यांसाठी पट्टीने चौकटी आखल्या.

शाळा न पाहिलेल्या सुमतीने शाईचा अंगठा टेकवला. नुसता निळा डाग उमटला. बियांच्या टरफलातल्या जळजळीत तेलाने तिच्या बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या आहेत.

"काकी, माझो आंगठो काजींनी खाल्लो!" ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

"डागाखाली मी तुझं नाव लिहिते," मी म्हटलं.

"नको. माका दाखवा, मीच लिवतंय."

जुन्या वहीवर ती तासभर तीन अक्षरं गिरवत बसली. मला वाटलं, दिल्लीत खेटे घालणाऱ्यांचं नाव करारावर कुठेच नसतं, तरी त्यांचं म्हणणं कलमाकलमांत सापडतं. हिला मात्र आपण आहोत, हेच आधी लिहून दाखवावं लागतं.

आणि तिने ते दाखवलं. काळ्या पडलेल्या बोटांनी लिहिलेलं नाव चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीत शिरलं.

"गे, माझी जागा खाल्लंस!" शेजारीण ओरडली.

"तू मागल्या बाजूक लिव."

तुमची आजी एरवी असा कागद फाडून नवा आखते, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा मी तसाच पाठवते आहे.