गवंडी बाईचा रंग

पुण्यात सात वर्षं मी लग्नाचे अल्बम केले. नवरीचा फोटो उघडला की हात आपोआप चेहरा उजळायला जायचा. नवरीची आई पाठीशी उभी असायचीच, "अजून थोडी गोरी कर गं." माझ्या स्वतःच्या अल्बममध्ये तर मी इतकी गोरी आहे, की सासूबाईंना पाहुण्यांना सांगावं लागतं, ही तीच सून म्हणून.

नवऱ्याच्या नोकरीपायी इथे अमेरिकेत आले, चार वर्षं डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नाही म्हणून घरात चरफडले आणि शेवटी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका प्रिंट स्टुडिओत चिकटले. पहिलंच मोठं काम आलं ते लायबेरियाच्या एका फोटोग्राफर बाईंचं. यादवी युद्धात होत्याचं नव्हतं झालेला त्यांचा देश पुन्हा कसा उभा राहतोय, त्याचे अठरा फोटो. शनिवारी प्रदर्शन. मालक म्हणाला, "तू कर." मी अशी हुरळले म्हणता! आणि कुणी न सांगता, सवयीने, सगळ्यांचे चेहरे उजळून टाकले.

गुरुवारी बाई आल्या. शाळेची भिंत बांधणाऱ्या गवंडी बाईच्या फोटोपाशी थबकल्या आणि शांतपणे विचारलं, "हिला धुतलं कुणी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन, शाई, कागद, सगळे बहाणे जिभेवर आले होते. पण म्हटलं, "मीच. आमच्याकडे असंच करतात."

"आमच्याकडेही करतात," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर मी हे फोटो काढते. हे भिंतीवर लागणार नाहीत."

"एक दिवस द्या," मी म्हटलं. माझा मलाच इतका राग आला होता!

शुक्रवारी सकाळपासून त्या माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. नुसतं गडद केलं की चेहरा सावलीत बुडायचा, जरा सोडवला की पुन्हा फिकट. त्या एका गवंडी बाईसाठी नमुन्याच्या बारा पट्ट्या छापून फाडल्या. तेराव्या पट्टीत भुवईवरची सिमेंटची पूड दिसली, गालावरून ओघळलेला घाम दिसला, दंडावरची शीरसुद्धा. "आली की गं बया!" मी मराठीतच ओरडले. बाईंनी टेबलावर थाप मारली. मग उरलेले सतरा फोटो संध्याकाळपर्यंत हातावेगळे झाले.

शनिवारी हॉल भरल्यावर बाईंनी त्या गवंडी बाईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन भिंतीवरच्या फोटोकडे वळवला. पलीकडे ती बघतच राहिली. मग तिने एकदम आरोळी ठोकली, "या, या, बघा, ही मी!" आणि तिच्याभोवती ही गर्दी!

बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "छापणारी ही."

तिने मला खालून वर न्याहाळलं आणि खळखळून हसली. "अगं, तूही काही गोरी नाहीस!"

"नाहीच मुळी!" मी म्हटलं, हॉलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.