रिंगवरचे तीन ठिपके

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये त्या रिंगा येईपर्यंत पंपाची झाकणं आणि स्कूटरचे बुश व्हायचे. आमच्या म्हणते खरी, पण मी तिथे सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होते. चांदवडकडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येत असणार असं घरचे धरून चालत, आणि शेडमधलेही. ते खरं नाही हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अग्निबाणाचे काही भाग सरकार खाजगी वर्कशॉपांकडून करून घेतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कारण त्यातलं एक काम आमच्या शेठना मिळालं होतं. टेम्पोतून दोन पोलादी रिंगा उतरल्या, बैलगाडीच्या चाकाएवढ्या, अजून खरबरीत. मी हळूच एकीवर हात ठेवला. गार होती. ही वस्तू आपल्या डोक्यावरून आभाळात जाणार, हे मनाला काही केल्या पटेना.

शेठनी सगळ्यांना गोळा केलं. "पहिली पास झाली तर पुढचं काम आपलं. दुसरीला सरकारी तपासनिसांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि पहिली गेली, तर आपल्याला पुन्हा कोणी विचारणार नाही."

लेथवर एक वयस्कर टर्नर होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांचा हात असा, की माप घ्यायच्या आधीच ते माप सांगत. पण इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि ड्रॉइंगवरच्या सूचना बारीक इंग्रजीत होत्या. शेठनी त्या मला मराठीत पुठ्ठ्यावर लिहून लेथजवळ टांगायला सांगितलं.

एक सूचना अशी होती की परवानगीशिवाय पृष्ठभागावर कसलीही खूण करू नये. शब्द समजले, कारण समजलं नाही. रंगाने नंबर टाकण्याबद्दल असेल, म्हणजे पॅकिंगवाल्यांसाठी, असं मी ठरवलं. विचारायला शेठच्या केबिनपर्यंत गेलेही. आत दोन माणसं बसलेली दिसली. 'कॉलेजात हेच शिकवतात का' असं त्यांच्यासमोर ऐकावं लागेल, म्हणून परत फिरले. ती ओळ मी गाळली.

काकांनी रिंग नऊ दिवस चालवली. शेवटच्या दिवशी ती आरशासारखी झाली. मग त्यांनी खिशातून टोकदार पंच काढला आणि बाहेरच्या कडेला मोहरीएवढे तीन ठिपके मारले. हातून उतरलेल्या चांगल्या जॉबवर ते नेहमीच मारत. त्यांचा जॉब दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून. मी शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होते.

दोन दिवसांनी सरकारी तपासनीस आले. हिंदी बोलणारे, शांत गृहस्थ. त्यांनी सकाळभर मापं घेतली. सगळी बरोबर. मग ते नुसतं बोट कडेवरून फिरवत गेले, आणि बोट थांबलं.

"ये किसने किया?"

"मी, साहेब," काका हसून म्हणाले. "आपली खूण हाय."

तपासनिसांनी भिंग काढलं, पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. रिंग बाद, हे कोणी सांगायची गरजच नव्हती. शेठचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "अहो, हे काय बुश आहे का? उद्यापासून तुम्ही या लेथवर नाही."

काका पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "हितं तर लिहिलं नाय शेठ," एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी पुढे झाले. "ड्रॉइंगवर लिहिलंय," मी म्हणाले. "मला कारण कळलं नाही, म्हणून मी ती ओळ लिहिली नाही. विचारलंही नाही. काकांची चूक नाही." मग तेच मोडक्या हिंदीत पुन्हा म्हणाले.

शेठ माझ्यावर ओरडणार, तोच तपासनिसांनी हात वर केला आणि मला रिंगजवळ बोलावलं. वर जाताना हिच्यावर किती ताण येतो, आणि तडा जायचा झाला तर तो नेमका अशा ठिपक्यातून कसा सुरू होतो, हे त्यांनी बोटाने दाखवत समजावलं. मोहरीएवढा ठिपका आणि त्याच्यामागे अख्खा अग्निबाण. मी बघत राहिले. इतकं मोठं काम इतक्या लहान गोष्टींवर उभं असतं, हे मला कुठल्याच पुस्तकाने असं दाखवलं नव्हतं.

रिंग बाद झालीच. पण तपासनीस काकांकडे बोट दाखवत शेठना म्हणाले, "वजह मिल गयी. दूसरी चढाइये. इन्हीं के हाथ से." मग झालं तसं सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

दुसऱ्या रिंगेच्या वेळी काकांनी लेथ सुरूच केला नाही. स्टूल ओढून बसले. "वाच पोरी. समद्या ओळी. अन् प्रत्येकीचं कारण सांग."

"दोन ओळींचं मला येत नाही काका."

"मग जा की इचारून ये. मी बसलोय."

यावेळी केबिनमध्ये चार माणसं होती. मी आत गेले.

ती रिंग पास झाली. पुढे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, मी नोकरीला लागले होते तरी, एका उड्डाणाच्या दिवशी मुद्दाम शेडवर गेले. शेडसमोरच्या चहावाल्याच्या टीव्हीसमोर सगळे उभे होते. आग, धूर, आणि ते उंच पांढरं यान अगदी सावकाश जमीन सोडून वर निघालं. चहा ओतणाराही थांबला.

"ह्यातच हाय का गं आपली?" काकांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"नक्की माहीत नाही काका. यात असेल, नाहीतर पुढच्यात."

"मंग पुढचंबी बघायला ये," ते म्हणाले.