कोण कुणाला ताटकळत ठेवतो

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं, आणि तेही माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पिऊन. नऊ वर्षं ते सत्तेचा अभ्यास करत होते. माझी समजूत, अभ्यास नगरपालिकेचा चाललाय. पण कबूल करतो, राज्य कुणाचं असतं आणि ते कशावर टिकतं, हे त्यांच्याइतकं अख्ख्या कोल्हापुरात कुणाला कळलेलं नव्हतं.

पोस्टातून रिटायर झालेला हा माणूस चौऱ्याहत्तर साली माझ्या लेकीचा सासरा झाला, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून माझ्या चपलांच्या दुकानातल्या बाकावर सकाळी नऊला हजर होऊ लागला. दुसरा कुणी असता तर दंडाला धरून बाहेर काढला असता. पण मी पडलो मुलीचा बाप. त्यांचा सिद्धांत साधा : खुर्ची, झेंडा, हार-तुरे सगळं खोटं, कोण कुणाला ताटकळत ठेवतो तेवढं बघायचं. त्यासाठी खिशात घड्याळ आणि नोंदीला पोस्टातल्या तारेच्या कोऱ्या फॉर्मांची शिवलेली वही. काही काम नसताना कचेऱ्यांत जाऊन बसायचे आणि ‘साहेबापेक्षा शिपाई मोठा’ असा निकाल घेऊन परत यायचे. एका बड्या चेअरमनच्या दारात आमदार पाऊण तास उभा दिसला, तेव्हा त्याचं तिकीट कापलं जाणार हे त्यांनी मला महिनाभर आधी सांगितलं. कापलं गेलं! लग्नातसुद्धा पंगतीत न बसता खांबाला टेकून उभे. विहीणबाई वैतागायच्या, "अवो, जेवा की! भात गार हुतोय." तर म्हणायचे, "थांब. पाटलाच्या आधी फौजदाराला जिलबी गेली. गावात कायतरी शिजतंय."

माझ्या धंद्याची एक रीत होती. फूटपाथवर बसून दुकान उभं केलेला मी. ती रीत मला कुणी शिकवलेली नव्हती. शनिवारी खेड्यावरचे कारागीर एकेकटे चपलांचे जोड बांधून आणत. मी त्यांना बाहेर पायरीवर बसवून ठेवी. त्यांची एस.टी. साडेतीनला. तीन वाजता मी भाव काढे, आणि तो त्यांना पटे. व्याही बाकावरून घड्याळ बघत. मी विचारी, "काय इवाई, आज कुठला साहेब मोजताय?"

"हाय एक. लई मोठा हाय."

मी खो खो हसे.

मग एका लग्नसराईत, ऐन गर्दीच्या शनिवारी, पायरी रिकामी. फळ्यांवरचे जोड संपले, गिऱ्हाइकं ओरडायला लागली. कळलं, माणसं एस.टी. स्टँडवर गाठोडी घेऊन बसलीत. तणतणत तिथं गेलो. चपलांच्या वेण्या घालणारी हौसाबाई मध्ये बसलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बसा पावणं. आमचं बोलणं चाललंय." आणि बोलत काय होते, तर कुणाच्या तरी म्हशीबद्दल! पाऊण तास मी उन्हात. मग वळून म्हणाली, "एकेकटं यायचो म्हणून गावलो. हितनं फुडं सकाळी धा वाजायच्या आत भाव सांगायचा, आन् आमी आत बाकावर बसणार. पटत नसंल तर गाडी लागलीया."

मी "व्हय" म्हणालो. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता.

दुकानात येऊन व्याह्यांवर ओरडलो, "तुमीच शिकवलंसा त्यास्नी!"

"म्या कशाला शिकवू? वही वाचून दावली फकस्त," ते म्हणाले. "नऊ वर्सांचं शनिवार."

सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र येत राहिले. शनिवारी बाक कारागिरांनी भरला की उभे राहत. गेल्या वर्षी गेले. मी सुतकात गेलो तेव्हाही माझं तेच तुणतुणं : आमदाराबद्दल, फौजदाराबद्दल बेधडक बोलणारा माणूस, मलाच का नाही बोलला?

लेक म्हणाली, "बाबा, मामंजी एक शब्द बोलले असते, तर तुम्ही नाही म्हणाला असता का?"

नसतो म्हणालो. मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? मान खाली घालून ऐकलं असतं, आणि घरी येऊन शिव्या घातल्या असत्या. म्हणजे माझ्यावर जोर त्यांचा होता, आणि नऊ वर्षं तो त्यांनी वापरला नाही. मला त्या नामुष्कीतून वाचवलं म्हणायचं, की हा माणूस आपणहून सुधारणार नाही असं पहिल्याच शनिवारी ठरवून टाकलं म्हणायचं? इवाई, लेकीला मधे घालू नका. याचा जबाब तुम्ही स्वतः द्यायचा.