अडखळणारं मशीन

रॉकेल आणि ऑइलचा मिसळलेला वास आला की बोईसरच्या आमच्या क्वार्टरचं अंगण आठवतं. तिथे बाबा होडीला मागे लावायची जुनी मशिनं दुरुस्त करायचे. सातपाटीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या होडीचं मशीन आणलं होतं. समुद्रात होडी सापडली होती, नवरा नाही. बाबांनी ते पाण्याच्या पिंपात चालवून दाखवलं. "बघा, नव्यासारखं झालं!" "हा त्यांचा आवाज नाय, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्यांचा मधेच अडकायचा. घरात ऐकू यायचा." बाबांनी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला. मशीन अडखळलं, तशा बाई झटकन उठल्या. "आले ते. भात टाकते," म्हणत फाटकाबाहेर पडल्या. मी दाराआडून बघत होते. बराच वेळ बाबांना मशीन बंद करवेना. आता बाबाही नाहीत. त्यांच्या स्कूटरची खडखड मी कुणाला काढू देत नाही.