मिठागरातली ढोलकी

माझा बा, नाथा, बाळकुमच्या खाडीकाठी मीठ पिकवायचा, पण गावात विचारलंत तर तसं कुणी सांगणार नाही. सगळे त्याला ढोलक्या म्हणत. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा पुरती तीस वर्षंही झाली नव्हती. माणसं मुद्दाम गाडी बघायला ठाण्याला जात. बा जायचा तो देवळातलं कीर्तन ऐकायला, आणि घरी येऊन तिथला मृदंग आईच्या हंड्यावर वाजवून दाखवायचा. मला, शकूला, झोपवताना थोपटायचा तेही तालात. त्यानं माझी झोप उडायची, पण मी कधी तक्रार केली नाही. "ताप आला तरी तालान कन्हतील," असं माझी आई, आवडाबाई, हसत म्हणायची. तिचा फार जीव होता त्याच्यावर.

लोकांना वाटे, हा रिकामा नाद. साफ खोटं! दिवाळी सरली की मिठागराचे वाफे तुडवावे लागतात. ओल्या चिखलात सगळ्यांनी ओळीनं हात धरून एका ठेक्यात नाचायचं, तेव्हा कुठे तळ दगडासारखा बसतो. ठेका चुकला की तळ मऊ राहतो, मिठात चिखल येतो आणि ते काळं मीठ कुणी घेत नाही. बांधावर उभं राहून हा ठेका बा ढोलकीवर धरायचा. गावात सगळ्यांत पांढरं मीठ त्याच्या वाफ्यांतलं असायचं.

भाद्रपदात पटकीची साथ आली आणि बा गेला. धडधाकट माणूस, होत्याचा नव्हता झाला.

दिवाळीनंतर मिठागराच्या मालकाचा माणूस सांगून गेला, पुनवेपर्यंत वाफे तयार नसतील तर ते दुसऱ्याला देऊ. आमचं पोट त्या वाफ्यांवर होतं. आईनं खुंटीवरची ढोलकी काढली. बाचा धाकटा भाऊ, विश्रामकाका, दारात आडवा आला.

"वयनी, वरीसभर या घरान वाजाप नाय. लोक तोंडान शेन घालतील."

"नांगर धराला कुनी दुखवटा बघतं का?" आई म्हणाली. "ह्यो माजा नांगर हाय."

"बाईमानूस ढोलकी वाजवनार? कोन येल नाचाला?"

"कोन नाय आला त मी आन शकू."

आणि खरंच कुणी आलं नाही. आईनं ढोलकी गळ्यात अडकवली आणि आम्ही दोघी चिखलात उतरलो. आईला वाजवता येत नव्हतं. ती नुसती बडवत होती. बाचा ठेका तिच्या पायांना ठाऊक होता, हातांना नव्हता. माझे पाय भलतीकडेच पडत. एक कोपरासुद्धा धड बसेना. शेजारच्या बांधावर बाया जमल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. एकेकीला धरून चिखलात लोटावं असं मला वाटलं. आई थांबली नाही. दुसऱ्या दिवशी बोटांना चिंध्या बांधून उतरली.

संध्याकाळी विश्रामकाका बांधावर आला. थोडा वेळ त्यानं कसंबसं ऐकून घेतलं.

"वयनी, दादाचा ठेका असा नव्हता!" तो ओरडला.

"मंग कसा होता त्यो दाव."

त्यानं ढोलकी घेतली. पहिल्याच थापेला मला वाटलं, बा आला. हसणाऱ्या बायांनी कासोटे खोचले आणि एकेक करून खाली उतरल्या. कुणीतरी माझा हात धरला. पाय एका ठेक्यात पडू लागले, चिखल दबू लागला आणि तेवढ्यात काकाला हुंदका फुटला. ढोलकी अडखळली, तशी आमची ओळही अडखळली.

आईच्या डोळ्यांनाही धार लागली होती. पण तिचे पाय चालूच होते.

"रड तू, पन हात थांबवू नको," ती काकाला म्हणाली. "तल बसाचा हाय अजून."

काका रडत रडत वाजवत राहिला. पुनवेला मालकाच्या माणसानं येऊन वाफ्यात जोरानं टाच मारली. टाच रुतली नाही.