डावीकडचा भांग

नाकाला रुमाल लावून तुम्ही शेवटचे कुठे उभे होतात? नीट आठवा. गटाराचं झाकण उघडं असेल, कचऱ्याची गाडी असेल, नाहीतर इस्पितळाची मागची बाजू असेल. आणि त्या घाणीत हात घालून काम करणारा माणूस मान वर करून तुमच्या रुमालाकडे बघत होता, तेही आठवा. तुम्हाला त्या वासाची किळस आली असेल. मला त्या रुमालाची येते.

पूल पडल्यावर मी सरकारी इस्पितळाच्या मुडदाघराबाहेर रोज जाऊन बसत होते. आमच्या वस्तीतली माणसं आपापलं माणूस शोधत तिथे खेटे घालत होती आणि त्यांना कुणी धड उत्तर देत नव्हतं. पूल म्हणजे नाल्यावरचा पायी चालायचा पूल. उद्घाटन आधी ठरलं, काम मागाहून. मंत्री येणार म्हणून कठड्यांना निळा रंग फासला आणि बोल्ट नंतर आवळू म्हणून ठेवून दिले. ते नंतर काही उजाडलं नाही. कारखान्यांची पाळी सुटली, माणसं पुलावर आली आणि पूल माणसांसकट पाण्यात गेला. रंग अजून चकचकीत आहे.

त्या मुडदाघरात जो माणूस काम करतो त्याला सगळं इस्पितळ ‘कंगवा’ म्हणतं. डॉक्टरसुद्धा. त्याला राग येत नाही, कारण बाकीचे लोक खिशाला पेन लावतात तिथे त्याच्या खिशाला खरंच कंगवा असतो. काळा, जाड दातांचा, एका टोकाला मोडलेला. माणूस उंच, किडकिडीत, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, अंगाला फिनेलचा वास. दारू न पिता हे काम करणारा इथला पहिलाच, असं मुडदाघराच्या पहाऱ्यावरचा हवालदार सांगतो, आणि सांगताना स्वतःच्या तोंडाला येणारा वास लपवायला पान चघळतो.

कंगव्याची गोष्ट त्याच्या थोरल्या भावापासून सुरू होते. भाऊ सैन्यात ट्रक चालवायचा. सीमेवर लढाई पेटली आणि काही दिवसांनी घरी पेटी आली. झाकण उघडलं तर चिखलाने केस कपाळाला चिकटलेले, कानात माती, चेहरा काळवंडलेला. आईने वाकून पाहिलं आणि सरळ उभी राहिली. म्हणाली, “हा माझा नव्हे. माझा भांग पाडल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही.” लोकांनी समजावलं, पेटी घेऊन आलेल्या साहेबांनी समजावलं. ती हलली नाही. पुढे मरेपर्यंत रोज संध्याकाळी ती दाराची कडी काढून ठेवायची, तो येईल म्हणून.

“चेहरा पुसायला कुणाला किती वेळ लागला असता, ताई?” कंगवा मला म्हणाला. “पेटी बंद करणाऱ्याने एकदा हात फिरवला असता तर आई रडून मोकळी झाली असती.”

नंतर हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागला, रक्ताच्या चादरी उकळायला. मुडदाघरातला जुना माणूस काम सोडून पळाला तेव्हा कुणी तयार होईना, हा झाला. आणि पहिल्या दिवसापासून त्याने आपली रीत बसवली. बेवारस आलं की आधी कोमट पाण्याने तोंड धुवायचं, डोळ्यांच्या कडा कापसाने पुसायच्या, केसातला कचरा काढायचा, मग कंगवा. भांग डावीकडे, जसा भाऊ पाडायचा तसा. मग हवालदार फोटो काढणार आणि तो बाहेरच्या फळ्यावर लागणार. कुणी सांगितलं नव्हतं हे करायला. कुणी नको म्हटलं नाही, कारण तेवढा वेळ आत थांबून बघणार कोण?

घरी मात्र त्याची बायको त्याला मोरीत अंघोळ केल्याशिवाय पुढे येऊ देत नाही. मी गेले होते तेव्हा ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, “जगाचे भांग पाडतात हो हे. आमच्या घरात मेल्याशिवाय कुणाच्या केसाला हात लावत नाहीत.” तो खाली मान घालून हसला. मुलीचं लग्न झालंय. व्याह्यांनी विचारलं, इस्पितळात कुठल्या विभागात असता? मुलीने परस्पर सांगून टाकलं, शीतगृह विभागात. तेव्हापासून बायको त्याला घरी ‘शीतगृहवाले’ म्हणते. चहा झाल्यावर त्याने माझा कप उचलायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. लोकांनी सवय लावलीय त्याला. मी कप त्याच्या हातात दिला.

आता पूल खात्याचा साहेब. हा रोज यायचा, अत्तर लावलेला रुमाल नाकाला धरून दारातूनच बोलायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्यांची ओळख पटलेली नाही ते पुलावर होतेच कशावरून? पुलाखाली भिकारी झोपायचे, त्यांच्यातले असतील. म्हणजे पुलाच्या मृतांत ते मोजायचे नाहीत.

मी विचारलं, “खाली पाणी आहे, साहेब. पाण्यात झोपायचे?”

“कडेला, हो. तुम्ही उगाच शब्दाला शब्द वाढवू नका.”

एका पोराच्या अंगावर जाड लोकरी स्वेटर निघाला होता. भर उन्हाळ्यात. साहेबाने तेवढ्यावर निकाल देऊन टाकला: अंगावर सगळा संसार घालून फिरतात ते भिकारीच. भिकाऱ्यांच्या चिंध्या लोकांना दाखवत बसू नका म्हणून सगळ्यांचे कपडे पोत्यात भरून हवालदाराच्या खोलीत टाकले. फळ्यावर नुसते चेहरे राहिले, पाण्याने फुगलेले, धुतलेले, डावीकडे भांग पाडलेले.

बाहेर बाकावर एक बाई बसायची. साठीची, चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. तिचा मुलगा कामावरून परतला नव्हता. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावरचा एकेक चेहरा बघितला होता. स्वेटरवाल्या पोराच्या फोटोपाशी जरा थांबली, मग मान हलवली. “हा कुणी मास्तर दिसतोय शाळेतला.” आणि पुढे गेली. तरी रोज यायची. घरी बसून तरी काय करू, म्हणायची.

त्या सकाळी नगरपालिकेची गाडी येऊन उभी राहिली. दुपारी चौकशी समिती इस्पितळात येणार होती आणि त्याआधी बेवारस खोली रिकामी व्हायला हवी होती. साहेब आज नव्या रुमालासह. कंगवा बाकावर चहा पीत होता, त्या बाईच्या शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून. मी समोर भिंतीला टेकून.

बाईचं लक्ष त्याच्या खिशाकडे गेलं. “कागद लावून वाजवायला ठेवलाय का रे तो?”

“कामाचा आहे, मावशी.”

“आमच्या घरात तर कंगवाच टिकायचा नाही. माझ्या पोराच्या डोक्यात घातला की दात त्याचेच पडायचे. झुडूप होतं नुसतं. भांग म्हणून नाही कधी. केस काप, केस काप म्हणून माझी जीभ झिजली.”

कंगव्याने कप खाली ठेवला. “कपाळावर यायचे?”

“डोळ्यात जायचे. फुंकर मारून बाजूला करायचा, असे.” तिने खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारून दाखवली.

“कुठे होता कामाला?”

“बर्फाच्या गोदामात. मासळीची खोकी उचलायला. बारा महिने स्वेटर अंगात, आत हिवाळाच ना त्याला.”

कंगवा उठला आणि आत गेला. मी मागोमाग गेले. त्याने शीतपेटीचा खण ओढला. पोराचा भांग सरळ रेषेत, मेहनतीने पाडलेला. कंगव्याने दोन्ही हात ओले केले आणि तो भांग मोडला. केस उलटसुलट केले, कपाळावर ओढले, डोळ्यांपर्यंत आणले.

दारातून साहेबाचा आवाज आला. “चला, आटपा. गाडी थांबलीय.”

“एक बाई बघणार आहेत, साहेब.”

“कोण, ती बाकावरची? तिने बघून नाही म्हटलंय. एकदा नाही म्हणजे नाही. रोज रोज काय ओळख परेड लावायची?”

“फोटो बघितलाय. माणूस नाही बघितला.”

“ते मला शिकवू नकोस. मागचं दार उघड, स्ट्रेचर काढ.”

मागच्या दाराला कुलूप असतं. कंगव्याने खिसे चाचपले, टेबलाचा कप्पा उघडला, मिटला, खाली वाकून बघितलं. “किल्ली सापडत नाही, साहेब. आत्ता इथे होती.” किल्ली त्याच्या वरच्या खिशात होती, कंगव्याला खेटून. मला दिसत होती. साहेबालाही दिसली असती, पण त्यासाठी आत यावं लागलं असतं. तो रुमाल दाबून दारातच थुईथुई नाचत राहिला, “शोधा, शोधा” करत. आणि शोधाशोध चाललेली असताना मी बाहेर जाऊन बाईला हाताला धरून आत आणलं. साहेब आडवा आला तेव्हा मी त्याला काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

बाई खणापाशी आली. बघितलं. पुढे होऊन बोटांनी त्याच्या डोळ्यांवरचे केस बाजूला केले, ते परत खाली आले. तिने परत केले.

“बरं झालं ऐकलं नाहीस,” ती म्हणाली. “कापले असतेस तर सापडला नसतास.”

मग खाली बसली. रडणं मागाहून आलं. कंगव्याने तिला पाणी दिलं आणि खण बंद करायला हात लावला, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे जरा उघडा. थंडीची सवय आहे त्याला.”

आणि साहेब? साहेबाने रुमालाआडून विचारलं, “पण तो पुलावर होता की खाली, हे कसं ठरवायचं?”

आई खणापाशी बसलेली असताना. मी पुष्कळ सडलेल्या गोष्टी बघितल्यात, त्या मुडदाघरातही बघितल्या. एवढी घाण कशाची आली नाही.

बाई उठली. पदराने तोंड पुसलं. “गोदामातून सुटला होता. घरी येत होता. गोदाम पलीकडे, माझं घर पुलाच्या या बाजूला आहे, साहेब. तुम्ही ठरवा.” हवालदाराने न सांगता पोतं आणलं आणि उपसून स्वेटर काढला. कोपराला तिनेच वेगळ्या रंगाची लोकर भरली होती. दुपारी समिती आली तेव्हा ती तो स्वेटर मांडीवर घेऊन त्यांच्या वाटेत बसली होती. पोर पुलाच्या मृतांत धरलं गेलं आणि गाडी रिकामीच परत गेली.

संध्याकाळी कंगवा नळाखाली कंगवा धूत उभा होता. धूतच राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “आजवर किती जणांना मी असं मास्तर करून पाठवलं असेल?”

मी पुढे होऊन नळ बंद केला. ज्यांनी बोल्ट आवळले नाहीत ते घरी जाऊन जेवून झोपतात, आणि मेलेल्याचं तोंड पुसणारा मात्र नळाखाली उभा राहून हिशेब मागतो स्वतःकडे.

तेव्हापासून तो बेवारसाचं तोंड धुतो, पण केसांना कंगवा लावत नाही. आधी बाकावर येऊन बसतो आणि आलेल्या प्रत्येकाला विचारतो, तुमच्या माणसाचे केस कसे असायचे? लोक हसतात, चिडतात, मग सांगतात.

खालच्या खणात अजून एक बाई आहे, पुलाचीच. तिशी-पस्तिशीची. उजव्या मनगटावर इस्त्रीचा चटका बसल्याचा जुना डाग, पायात हिरव्या पट्ट्याची चप्पल, एकच मिळाली. केस लांब आहेत, पाण्याने गुंतलेत. कंगवा म्हणतो, “बायकांचं मला कळत नाही हो. मधे भांग, की बाजूला, की वेणी, की नुसतेच मागे बांधायची?” समितीचं काम आटोपलं की नगरपालिकेची गाडी परत येणार आहे, आणि मग ही बाईही पुलाखालची भिकारीण ठरणार आहे.

तुमच्या घरातली, शेजारची, कामावरची कुणी त्या दिवसापासून दिसली नसेल, तर इस्पितळाच्या मागच्या दाराने या. रुमाल खिशातच ठेवा. आणि ती केस कसे बांधायची, तेवढं त्या माणसाला सांगा.